‘अ‍ॅक्वेरियम सेफ’ म्हणे!

या वीकेंडला कोडबिड काही नाही. विषय आहे गोंद. खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये दगड एकमेकांना चिकटवायला काय वापरावं, एवढाच प्रश्न. ज्यांना माशांत रस नाही त्यांनी इथूनच परत फिरलं तरी चालेल. पण थांबलात तर बरं, कारण माझं खरं भांडण ‘सेफ’ या शब्दाशी आहे, आणि तो शब्द तुमच्याही घरात डझनभर डब्यांवर छापलेला असणार.

आधी थोडी पार्श्वभूमी. गोड्या पाण्याच्या टाकीत दगड म्हणजे शोभा. समुद्री टँकमध्ये दगड हीच सगळी यंत्रणा. त्याच्या भोकाभोकांत बॅक्टेरिया राहतात, ते माशांच्या विष्ठेतून होणारा अमोनिया पचवतात, आणि त्याच दगडावर पुढे प्रवाळ चिकटून वाढतात. पूर्वी लोक दगडांची मागच्या काचेला टेकवून भिंत रचायचे. कंपाउंडची गडगी जशी रचतात तशी, की विषय संपला. आता फॅशन आहे कमानींची, गुहांची, हवेत तरंगल्यासारख्या दिसणाऱ्या फळ्यांची. दिसतं सुंदर यात वाद नाही, पाणीही चांगलं खेळतं. पण ती कमान स्वतःच्या मर्जीने उभी राहत नाही. मग गोंद आला.

आणि गोंद आला की दोन पंथ आले.

पहिला पंथ ‘काय होतंय’वाल्यांचा. हार्डवेअरच्या दुकानातून मिळेल ते आणा, फासा, पाणी भरा. विचारलं तर ठरलेलं उत्तर: “माझ्या टँकमध्ये दोन वर्षं आहे, काही झालं नाही.” आमच्या धंद्यात या वाक्याला एक जुळा भाऊ आहे, “माझ्या मशीनवर तर चालतंय.” हे वाक्य म्हणणाऱ्या डेव्हलपरकडे टेस्टर ज्या नजरेने बघतो, त्या नजरेने मी या पंथाकडे बघतो. तुझी ट्यूब कुठल्या बॅचची, किती लावलीस, किती दिवस वाळवलीस, टँक किती लिटरचा, त्यात कोळंबी होती का नुसते दणकट डॅमसेल? यातलं काहीच माहीत नसेल तर ‘काही झालं नाही’ हा अनुभव झाला. पुरावा त्याहून पुष्कळ लांब राहतो.

दुसरा पंथ आयात बाटलीवाल्यांचा. ज्याच्यावर माशाचं चित्र तेच सेफ, बाकी सगळं विष. ही मंडळी निदान प्राण्यांची काळजी करतात म्हणून मला जरा जवळची वाटतात, पण विचार करायचं काम त्यांनी चित्रकाराला आऊटसोर्स केलेलं असतं. समुद्री टँकसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या जेलच्या कित्येक ट्यूबांमध्ये तेच इथाइल सायनोअ‍ॅक्रिलेट असतं जे किराणा दुकानात टांगलेल्या फेविक्विकमध्ये आहे. फरक घट्टपणाचा आणि ट्यूबच्या आकाराचा. तो फरक कामाचा आहे, पण त्याला ‘सेफ’ हे नाव नाही.

माझं म्हणणं साधं आहे. सुरक्षितपणा हा बाटलीचा गुण नसतो. तो तुम्ही केलेल्या कामाचा गुण असतो. एकच एपॉक्सी नीट मळून वाळवलं तर वर्षानुवर्षं निमूट बसून राहील आणि घाईत अर्धवट मळलं तर पाण्यात नको ते सोडेल. त्यामुळे विचारायचे प्रश्न तीन: यात मुळात काय आहे, घट्ट होताना त्यातून काय बाहेर पडतं, आणि घट्ट झाल्यावर मागे काय उरतं.

जरा आकडेमोड करू, इंजिनिअर आहोत. समजा 200 लिटरचा टँक आहे आणि कमान उभी करायला 40 ग्रॅम पुट्टी लागली. मळताना आळस केला आणि त्यातला फक्त 1 टक्का भाग प्रतिक्रिया न होता राहिला आणि पाण्यात उतरला. 400 मिलिग्रॅम भागिले 200 लिटर, म्हणजे लिटरला 2 मिलिग्रॅम. ऐकायला किरकोळ. आता तुलनेसाठी तांबं घ्या. माशांच्या अंगावरचे परजीवी मारायला वेगळ्या टाकीत तांब्याचं औषध देतात, त्याची नेहमीची मात्रा लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम. तेवढ्यात मासे तगतात, पण कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ यांचा कारभार आटोपतो. तांबं आणि एपॉक्सीचा हार्डनर या सर्वस्वी वेगळ्या चीजा आहेत, एकाचं विष दुसऱ्याला लावता येत नाही, मला कळतं. पण ‘एवढ्याशा गोंदाने काय होतंय’ म्हणणाऱ्याला ‘एवढंसं’ म्हणजे किती ते कळावं म्हणून हा हिशेब. आणि 40 लिटरचा चिमुकला टँक असेल तर तोच आकडा 10 वर जातो.

हाच तांब्याचा आकडा आणखी एका फसव्या शब्दाची हवा काढतो. ‘फूड ग्रेड’. “अरे, माणसाला चालतं तर माशाला का नाही चालणार?” पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटना लिटरला 2 मिलिग्रॅमपर्यंत तांबं चालवून घेते. आपल्याकडे तर रात्रभर तांब्याच्या तांब्यात ठेवलेलं पाणी सकाळी प्यायल्याशिवाय कित्येक आजोबांचा दिवस सुरू होत नाही. आजोबा ठणठणीत. त्याच्या दशांश तांब्यात कोळंबी मरते. माणसाला यकृत आहे, कातडी आहे, आणि तो दिवसभर त्या पाण्यात बुडून श्वास घेत नाही. फूड ग्रेडचं सर्टिफिकेट माणसासाठी दिलेलं असतं, प्रवाळाने ते वाचलेलं नसतं.

आता सिलिकॉन. इथे मला खरोखर राग येतो, त्याचं कारण सांगतो. आमच्या ऑफिसातल्या एका मित्राने हौसेने समुद्री टँक लावून घेतला. दुकानदारानेच घरी येऊन सगळं रचून दिलं. दगड सिलिकॉनने चिकटवले, दुसऱ्या दिवशी खारं पाणी भरलं, आणि त्याच आठवड्यात मासे आणि दोन क्लीनर कोळंब्या सोडल्या. कोळंब्या दोन दिवसांत गेल्या, मासे त्यानंतर एकेक करून. मी बघायला गेलो तेव्हा बाल्कनीत सिलिकॉनची रिकामी नळी पडलेली होती. बाथरूमच्या फटी भरायची. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं, ‘अँटी-फंगल’. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, “सर, सिलिकॉन म्हणजे सिलिकॉन. काचेची टाकीसुद्धा त्यानेच चिकटवलेली असते ना? तुमचं पाणी मॅच्युअर नव्हतं.”

दोष गोंदाचाच होता हे मी कोर्टात सिद्ध करू शकत नाही. टँक नवा होता, अमोनियानेही मेले असतील, आणि नव्या टँकमध्ये आठवड्याभरात मासे सोडायचा सल्लाही त्याच इसमाचा होता. पण ‘सिलिकॉन म्हणजे सिलिकॉन’ हे वाक्य ‘गोळी म्हणजे गोळी’ म्हणण्याइतकंच शहाणपणाचं आहे. अँटी-फंगल म्हणजे काय? बुरशी मारणारं विष त्यात मुद्दाम मिसळलेलं आहे, आणि ते हळूहळू बाहेर यावं म्हणूनच मिसळलेलं आहे. बाहेर आलं नाही तर बुरशी मरणार कशी? अशा कामाला जी रसायनं वापरतात त्यात एक आहे झिंक पायरिथिऑन. कोंड्याच्या शाम्पूतलं म्हणून तुम्ही नाव ऐकलं असेल. तेच जहाजांच्या तळाला लावायच्या रंगातही घालतात, का तर तिथे समुद्री जीव चिकटून वाढू नयेत म्हणून. म्हणजे समुद्री जीव वाढवायच्या पेटीत आपण समुद्री जीव वाढू नयेत म्हणून बनवलेला माल फासायचा. वा!

साधं, काही न मिसळलेलं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन टाकी जोडायला उत्तम. तो वास अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा. सिलिकॉन घट्ट होताना ते बाहेर टाकतं आणि वास गेला की बरंचसं काम झालं असं समजायचं. म्हणजे गोंद स्वतःच सांगतो की मी अजून तयार नाही, बघा किती सज्जन. वास न येणाऱ्या ‘न्यूट्रल’ प्रकारांत बाहेर पडणारं रसायन वेगळं, बऱ्याच वेळा ऑक्झाइम जातीचं, आणि ते माणसानेही हुंगू नये असं. पण दगडाच्या बाबतीत मूळ मुद्दा विषाचा नाहीच. सिलिकॉन काचेला जसं धरतं तसं भुसभुशीत, धुळकट, ओल्या दगडाला धरत नाही. वरवर चिकटतं आणि सहा महिन्यांनी सालासारखं सोलून येतं. त्यात ते रबरासारखं लवचिक, म्हणजे कमान डुलणार. जाड थर आतून वाळायला आठवडा लागतो, तोवर दगड धरून कोण बसणार? थोडक्यात, दगडासाठी सिलिकॉन हे चुकीचं हत्यार आहे. विषारी नसलेलं असलं तरी.

सुपरग्लूबद्दल तर गैरसमजांचा महापूर. सायनोअ‍ॅक्रिलेटमध्ये ‘सायनो’ आहे म्हणजे सायनाइड आहे, असं मला चांगल्या शिकलेल्या माणसांनी सांगितलंय. मिठात क्लोरीन आहे म्हणून जेवणात स्विमिंग पूलचा वास येतो का? सायनाइडचीच भीती वाटत असेल तर ती योग्य जागी बाळगा. 1960 च्या दशकापासून फिलिपिन्समध्ये शोभेचे मासे पकडायला प्रवाळांवर सोडियम सायनाइडचं पाणी फवारलं गेलंय. मासा गुंगतो, हाताने उचलता येतो, मागे प्रवाळ मरतो आणि मासाही पुढे यकृत बिघडून मरायची शक्यता. समुद्री टँकमधले बहुतेक जातींचे मासे अजूनही समुद्रातूनच पकडून येतात. ट्यूबवरचं नाव वाचून दचकणारे किती लोक दुकानदाराला विचारतात, की हा मासा पकडला कसा?

सुपरग्लूच्या समर्थकांचं तर्कशास्त्रही काही कमी लंगडं नाही. “डॉक्टर जखमेला लावतात, म्हणजे सेफच!” डॉक्टर लावतात ते 2-ऑक्टाइल जातीचं, अमेरिकेत त्याला 1998 साली मान्यता मिळाली. किराणा दुकानातलं ते इथाइल. साखळी जितकी आखूड तितकं ते पाण्यात लवकर विघटित होतं, आणि विघटनातून थोडं फॉर्माल्डिहाइड सुटतं. वैद्यकीय गोंदात लांब साखळी घेतात त्यामागे हेही एक कारण आहे. म्हणजे निष्कर्ष बरोबर, कारण चूक. टँकमध्ये इथाइल चालतं ते का? एक म्हणजे ते पाण्यामुळेच घट्ट होतं. हवेतला, दगडातला ओलावा हाच त्याचा हार्डनर, त्यामुळे मिसळण्यात चूक करायला जागाच नाही. दुसरं, एकदा घट्ट झालं की विघटन फार संथ आणि मात्रा थेंबांची. तिसरं आणि माझ्या मते सर्वात वजनदार: प्रवाळ वाढवणारी माणसं स्वतः जिवंत प्रवाळाच्या तुकड्यांना हे रोज लावतात, अगदी उतीला लागून, आणि तुकडे त्या गोंदावरून पसरत वाढत जातात. लेबलपेक्षा मी त्या प्रवाळावर विश्वास ठेवीन.

पण त्याच्या मर्यादा कोणी सांगत नाही. पातळ सुपरग्लू खडबडीत दगडात शोषला जातो आणि दोन दगडांमधली फट भरतच नाही. तो ओढायला चिवट, पण आडवा झटका बसला की काचेसारखा तुटतो. म्हणून जेल घ्यायचं, आणि फट मोठी असेल तर फटीत त्याच दगडाचा चुरा किंवा कोरडी अ‍ॅरागोनाइट वाळू भरून वर पातळ ग्लू सोडायचा. क्षणात दगडासारखं घट्ट होतं. खाण्याचा सोडाही चालतो, त्याने तर आणखी झटपट. पण उष्णता आणि डोळे झोंबणारी वाफ येते, तेव्हा हे काम टँकच्या बाहेर, कोरड्या दगडावर, खिडकी उघडी ठेवून. गोंद लवकर वाळावा म्हणून मारायचा स्प्रे पाण्याच्या आसपास मुळीच नको. त्यात अमाइन आणि सॉल्व्हंट असतात.

एपॉक्सीचं नेमकं उलट. ते फट भरतं, पण चिकटतं कमी. ओल्या दगडावर ते चिकटत नाही, भोकांत शिरून अडकतं. म्हणून अनुभवी लोक सँडविच करतात: दगडावर जेल, मध्ये एपॉक्सीचा गोळा, वर परत जेल, मग दुसरा दगड. जेल पकडतं, एपॉक्सी भरतं. एपॉक्सीत जोखीम सगळी मिसळण्यात. दोन भाग समान घ्या म्हटलं तर समान घ्या, आणि दोन रंगांचा एकच रंग होईपर्यंत मळा, चपातीच्या कणकेसारखं. रेषा दिसतायत तोवर झालेलं नाही. हातमोजे घालून, कारण न वाळलेला हार्डनर कातडीलाही चांगला नाही. चालू टँकमध्ये लावलंत तर स्किमर वेड्यासारखा फेस करून बादली भरेल. पाण्यात काहीतरी उतरतंय याचा तो पुरावाच आहे. तेव्हा एका दिवशी थोडंच लावा आणि कार्बन ठेवा. हार्डवेअरच्या पुट्टीत लोखंडाचा चुरा असू शकतो. तांब्याच्या पाइपसाठी तांबं घातलेल्या पुट्ट्याही मिळतात. एम-सीलचं काय, हे मला सारखं विचारतात. ती नळ-पाइपची गळती थांबवायची चीज आहे. तिच्यात भरण काय, रंग काय, हे मला माहीत नसताना मी ती प्रवाळांच्या टँकमध्ये घालणार नाही. ‘पण माझ्या मित्राने घातली’ याचं उत्तर वर दिलंय.

आणि सिमेंट. यात लपवाछपवी काही नाही, घरचंच आहे. पण ताज्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि त्या पाण्याचा पीएच 12 च्या वर जातो. समुद्राचा असतो 8.1 ते 8.3. म्हणून सिमेंटने जोडलेले दगड आधी साध्या पाण्यात भिजत ठेवायचे, पाणी बदलत राहायचं आणि पीएच मोजत राहायचं, जोवर तो वर चढायचा थांबत नाही. आठवडे लागतात. गवंड्याला स्लॅबवर 28 दिवस देणारे आपण, माशाला 28 तास द्यायला तयार नसतो.

खरं तर एवढा सगळा गोंद लागतोच का, हाच माझा शेवटचा वाद आहे. तळाचे दगड नीट बसवले, प्रत्येक दगडाला तीन टेकू मिळाले, वजन खालच्या दिशेने गेलं, तर गोंदाला उचलायचं काही राहतच नाही, त्याने फक्त हलू द्यायचं नाही. आधी कोरडं रचा, बोटाने ढकला, पडत नसेल तरच गोंदाची ट्यूब उघडा. लांब फळी काढायचीच असेल तर ड्रिलने भोक पाडून अ‍ॅक्रिलिकचा किंवा फायबरग्लासचा रॉड घाला. लोखंडी सळई, पितळी स्क्रू, वायर काही नको. स्टेनलेस स्टीलही खाऱ्या पाण्यात गंजतं. दगड आधी काचेच्या तळावर बसवा, वाळू नंतर ओता. वाळूवर दगड ठेवलात तर खाली बीळ खणणारी पिस्तूल कोळंबी एक दिवस तुमची कमान पाडेल आणि स्वतः त्याखाली सापडेल. पाण्यात दगडाचं वजन तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटतं, म्हणून कोरड्यात टिकलेली रचना पाण्यात टिकायला काही हरकत नसते. उलट पाण्यात रचलेली मात्र पाणी उपसायच्या दिवशी दगा देते.

हो, आणि दगड कुठून आणताय तेही बघा. आपल्याकडे 2001 सालापासून प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. मेलेला पांढरा तुकडासुद्धा. ‘मालवणहून आणलाय, ओरिजिनल’ म्हणून कोणी हातात ठेवला तर परत करा. चुनखडीचे किंवा सिमेंटचे बनवलेले दगड मिळतात, बॅक्टेरियांना त्यांचं जन्मगाव विचारायची सवय नसते :)

असो. ट्यूब उघडणार असाल तर एवढं करा: सुती शर्ट घालून बसू नका. सुतावर सुपरग्लू सांडला तर तो इतका तापतो की चटका बसतो. आणि बोटं चिकटलीच तर ओढू नका, नेलपॉलिश रिमूव्हर लावा. टँकपासून लांब, बेसिनपाशी जाऊन.